आतड्यासाठी ताटात काय वाढावे आणि कोणती बाटली फडताळातच राहू द्यावी

वाचायला बसण्यापूर्वी एक काम करावे. घरात पोटासाठी म्हणून जे जे आणलेले असेल, म्हणजे इसबगोलचा डबा, त्रिफळा चूर्ण, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, कॅल्शियमच्या गोळ्या, हळदीच्या अर्काची बाटली, कोणीतरी परदेशातून आणलेली मल्टिव्हिटॅमिनची बरणी, ते सगळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडावे आणि प्रत्येकासमोर चिठ्ठीवर लिहावे, की हे कोणी सुचवले, कशासाठी सुचवले आणि किती दिवसांपासून चालू आहे. 'कशासाठी' यापुढे बहुधा 'पोट साफ राहावे म्हणून' असे उत्तर येते; मात्र थोडे खोदून विचारले, तर त्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची भीती असल्याचे अनेक जण कबूल करतात. ही भीती अगदीच निराधार नाही. २०२२ साली जगभरात मोठे आतडे आणि मलाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. भारतातील प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरेच कमी आहे, परंतु आपल्याकडे पन्नाशीच्या आतले रुग्णही मोठ्या संख्येने दिसतात.

माझे मत आरंभीच नोंदवतो. या भीतीपोटी जो पैसा औषधाच्या दुकानात जातो, त्यातला बराचसा भाजी मंडईत आणि पिठाच्या गिरणीत गेला, तर आतड्याचे अधिक भले होईल. बाटल्या तूर्त ओट्यावरच राहू द्याव्यात. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी ताट पाहू.

आधी ताट

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका आहाराने कमी होतो का, या प्रश्नावर जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ साली उपलब्ध पुराव्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. अख्खी धान्ये, चोथा (फायबर) असलेले पदार्थ, दूध-दही आणि शारीरिक हालचाल यांनी धोका कमी होतो; प्रक्रिया केलेले मांस, लाल मांस, मद्य आणि शरीरावरची जादा चरबी यांनी तो वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. रोज ९० ग्रॅम अख्खे धान्य खाण्याचा संबंध सुमारे १७ टक्के कमी धोक्याशी दिसला. या यादीत परदेशी बिया, महागडी पावडर किंवा 'डिटॉक्स' असे काहीही नाही.

चोथा काम कसे करतो, हे समजून घेतले, तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. लहान आतड्यात न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन तेच असते. शिवाय चोथ्यामुळे मळाचे आकारमान वाढते, तो लवकर पुढे सरकतो आणि त्यातील घातक द्रव्यांचा अस्तराशी होणारा संपर्क कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनेनुसार प्रौढ माणसाच्या आहारात रोज किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे असावीत.

पंचवीस ग्रॅम हा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नाही. तो आपल्या परिचयाच्या पदार्थांतून सहज पुरा होतो, फक्त हिशेब माहीत हवा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम, बाजरी, नाचणी आणि न चाळलेल्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र तो ३ ग्रॅमही भरत नाही. अख्ख्या हरभऱ्यात हे प्रमाण सुमारे २५ ग्रॅम, मुगात १७ आणि मटकीत १५ ग्रॅम आहे. पेरू तर या बाबतीत फळांचा राजाच म्हणावा लागेल, कारण शंभर ग्रॅम पेरूत ८ ग्रॅमहून अधिक चोथा मिळतो. खऱ्या राजाला, म्हणजे हापूसला, ते जमत नाही. आता साठ ग्रॅम पिठाची एक याप्रमाणे ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मूठभर मटकीची वाटीभर उसळ आणि एक मध्यम पेरू एवढे दिवसभरात पोटात गेले, तर पंचवीसचा टप्पा जवळपास गाठला जातो, आणि त्यात पालेभाजी अजून धरलेलीच नाही.

अडचण अशी, की आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या भागात कळव्याहून किंवा नेरुळहून सकाळची लोकल पकडणाऱ्या माणसाच्या दिवसात चहा-बिस्किटे, डब्यातल्या बटाट्याच्या भाजीबरोबरच्या दोन पोळ्या, संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडापाव आणि रात्री वरण-भात एवढेच येते, आणि त्यात पोळ्या व वरण सोडले तर चोथा फारसा कशातच नसतो. म्हणून बदल तीन ठिकाणी करावा. पहिला बदल चाळणीचा. अनेक घरांत कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला जातो आणि नंतर तोच कोंडा देखण्या पाकिटातून विकत आणला जातो. त्यापेक्षा गिरणीतून आणलेले पीठ न चाळता किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून वापरावे. दुसरा बदल भाताचा. आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी आणि भात हाच जेवणाचा कणा असतो आणि तो मोडण्याची गरज नाही, परंतु आठवड्यातून चार रात्री भाकरी नाचणीची केली आणि भात एक मूद कमी घेतला, तर चवीचे फारसे नुकसान होत नाही. तिसरा बदल डब्यातला : बटाट्याच्या जागी आठवड्यातून तीन दिवस मोड आलेल्या कडधान्याची उसळ. पावसाळ्यात येऊरच्या बाजूने येणाऱ्या आदिवासी बायकांकडे टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या मिळतात, त्या अवश्य घ्याव्यात; शेवळे मात्र नीट खाजरी काढून करणाऱ्याच्याच हातची खावीत.

हे सारे सोमवारी सकाळी एकदम सुरू करू नये. चोथ्याची सवय नसलेल्या आतड्यावर उसळ, कोंडा आणि कच्ची कोशिंबीर यांचा एकदम मारा केला, की पोट फुगते, वायू धरतो, आणि तिसऱ्या दिवशी माणूस 'मला हे मानवत नाही' असे जाहीर करून मोकळा होतो. तीन-चार आठवड्यांत हळूहळू प्रमाण वाढवावे, कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे, मोड आणून नीट शिजवावीत आणि दिवसभर पुरेसे पाणी प्यावे. ज्यांच्या आतड्यावर अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांचे आतडे कोठे अरुंद झाले आहे किंवा ज्यांना आतड्याचा दाह असलेला जुनाट आजार आहे, त्यांना हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांनी चोथा किती घ्यावा, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

दूध-दह्याचा फायदा मुख्यत्वे कॅल्शियममुळे होत असावा, असे मानले जाते. आतड्यातील पित्ताम्ले आणि मेदाम्ले यांना कॅल्शियम बांधून ठेवते आणि अस्तराला होणारा त्रास कमी करते. ब्रिटनमधील ५ लाख ४० हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यात रोजच्या आहारातील प्रत्येक ३०० मिलिग्रॅम जादा कॅल्शियममागे धोका सुमारे १७ टक्के कमी आढळला. तीनशे मिलिग्रॅम म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध. ही निरीक्षणातून काढलेली संगती आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे, हे खरे. परंतु पेलाभर दुधासाठी यापेक्षा मोठा पुरावा मागण्याचे कारण मला दिसत नाही. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना दही किंवा ताक बहुधा चालते, आणि नाचणीत तर शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

दह्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. दही, ताक, इडलीचे पीठ हे सगळे जिवाणूंनी आंबवलेले असतात, हे बरोबर आहे. पण कढी उकळली किंवा इडली वाफवली, की ते जिवाणू मरतात. जिवंत जिवाणू हवे असतील, तर दही-ताक न तापवता घ्यावे. इडली तरीही चांगलीच आहे, फक्त तिला 'प्रोबायोटिक' म्हणू नये.

मांसाचे काय, हा प्रश्न ठाण्यात टाळून चालत नाही. येथे दोन गोष्टींत गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांसारखे खारवलेले, धुरावलेले किंवा रसायनांनी टिकवलेले मांस, कर्करोगकारक ठरवले. लाल मांसाला, ज्यात आपले मटण येते, 'बहुधा कर्करोगकारक' या खालच्या गटात ठेवले. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्के वाढतो, असा तो अंदाज होता. येथे टक्केवारी नीट वाचावी : समजा, एखाद्या समूहातील शंभर जणांपैकी दोघांना आयुष्यात हा रोग होणार असेल, तर त्या शंभर जणांनी रोज सॉसेज खाल्ल्याने तो आकडा दोनवरून साधारण २.४ होईल, वीस होणार नाही. रविवारचे मटण त्यामुळे कोणी सोडावे, असे मी म्हणणार नाही. आठवड्याला शिजवलेले लाल मांस साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत राहावे, ही जागतिक शिफारस आहे आणि बहुतेक घरांतला रविवार त्यात सहज बसतो. मासे आणि साधे चिकन लाल मांसात मोडत नाहीत. खरी काळजी मुलांच्या डब्यासाठी फ्रीजरमध्ये भरून ठेवलेल्या सॉसेजची करावी, आणि ते चिकनचे आहेत म्हणून निर्धास्त राहू नये, कारण प्रक्रिया तीच असते.

मद्य धोका वाढवते, एवढे सांगणे पुरे आहे. वजन आणि चालणे यांचेही तसेच : उपवनला किंवा पामबीचला रोज अर्धा-पाऊण तास भराभर चालणारा माणूस आतड्यासाठी जे करतो, ते कोणत्याही कॅप्सूलने आजवर सिद्ध करून दाखवलेले नाही.

ओट्यावरच्या बाटल्या

आता इसबगोलचा डबा हातात घ्यावा. बद्धकोष्ठावर ते उत्तम आहे, स्वस्त आहे आणि योग्य पाण्याबरोबर घेतल्यास सुरक्षितही आहे. परंतु 'चोथा कर्करोग टाळतो, इसबगोल म्हणजे चोथा, म्हणून इसबगोल कर्करोग टाळते' ही साखळी कागदावर जुळते आणि प्रत्यक्षात तुटते. ज्यांच्या आतड्यातून पूर्वी पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणारी आणि पुढे कर्करोगात बदलू शकणारी मशीसारखी वाढ, काढलेली होती, अशा ६६५ जणांवर युरोपात याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षे एका गटाला रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला कॅल्शियम आणि तिसऱ्याला नुसती लटकी, म्हणजे औषधी घटक नसलेली, औषधे दिली गेली. पुन्हा पॉलिप उगवण्याचे प्रमाण लटक्या औषधाच्या गटात सुमारे २० टक्के, कॅल्शियमच्या गटात सुमारे १६ टक्के आणि इसबगोलच्या गटात सुमारे २९ टक्के निघाले, म्हणजे ज्याच्याकडून सर्वाधिक आशा होती, त्याचाच निकाल उलटा लागला. हा एकच प्रयोग आहे, तो पॉलिपबद्दल आहे, प्रत्यक्ष कर्करोगाबद्दल नाही, आणि त्यावरून इसबगोल घातक ठरत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत गव्हाच्या कोंड्याच्या प्रयोगातही पॉलिपचे प्रमाण घटले नाही. यातून मी घेतलेला बोध इतकाच, की भाकरी, उसळ आणि पेरू यांत चोथ्याबरोबर जे शेकडो घटक येतात, त्यांची जागा एका पावडरीला घेता येत नाही. बद्धकोष्ठ असेल, तर इसबगोल पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे, इतर औषधे आणि ते यांत दोनेक तासांचे अंतर ठेवावे, आणि त्याच्याकडून त्यापलीकडे काही मागू नये.

कॅल्शियमच्या गोळीचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे. १९९९ च्या एका अमेरिकी प्रयोगात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमने पॉलिप पुन्हा उगवण्याचे प्रमाण थोडे कमी झाले. २०१५ च्या दुसऱ्या, मोठ्या प्रयोगात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व या दोहोंचाही उपयोग दिसला नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिले असेल, तर घेत राहावे, थायरॉइडची गोळी आणि ते यांत चार तासांचे अंतर ठेवावे. केवळ आतड्यासाठी सुरू करू नये. ड जीवनसत्त्वाची कमतरता रक्ततपासणीत निघाली, तर ती भरून काढणे योग्यच आहे, परंतु २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अमेरिकी प्रयोगात रोजच्या ड जीवनसत्त्वाने कर्करोग होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी पॉलिप टळत नाहीत, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. गर्भारपणातील फॉलिक आम्लाचे कारण वेगळे आहे. ते बंद करू नये.

हळदीच्या अर्काबद्दल आपल्याकडे भावना जोडलेल्या असल्यामुळे जपून लिहितो. आमटीतली हळद आमटीतच शोभते. तिच्यातील कर्क्युमिनचा वंशपरंपरेने शेकडो पॉलिप होणाऱ्या रुग्णांवर रोज ३ ग्रॅम असा प्रयोग झाला, आणि वर्षभरानंतर लटक्या औषधापेक्षा वेगळा परिणाम आढळला नाही. शिवाय तीव्र अर्काच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसारख्या ठरावीक तक्रारींत उपयोगी पडतात, परंतु त्यांनी आतड्याचा कर्करोग टळतो, असे दाखवणारा पुरावा नाही. ज्यांची केमोथेरपी चालू आहे, त्यांनी तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्या मुळीच घेऊ नयेत, कारण प्रतिकारशक्ती खालावलेली असताना हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात.

ॲस्पिरिनचे नाव कोणी सुचवले असेल, तर ती चिठ्ठी वेगळी काढावी. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्या व्यक्तींत ॲस्पिरिनने मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी होतो, हे प्रयोगाने दिसले आहे. इतरांनी मात्र पोटातील रक्तस्रावाचा धोका पत्करून ते मनाने सुरू करू नये.

बाटलीआड दडणारी लक्षणे

अशा पूरक गोळ्या-चूर्णांचे माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान त्यांच्या घटकांत नाही, त्यांनी मिळवून दिलेल्या खोट्या दिलाशात आहे. माझे एक मामा कळव्यात राहत. शौचातून रक्त जाऊ लागल्यावर त्यांनी आठ महिने इसबगोल, एक चूर्ण आणि मूळव्याधीचे मलम यांवर काढले. ज्यांच्याकडे ते दाखवायला जात, त्यांनी बोटाने साधी गुदतपासणीही कधी केली नव्हती. अशक्तपणा वाढला, तेव्हा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि लोहामुळे मळ काळा होतो, म्हणून काळा मळही कोणाला खटकला नाही. शेवटी तपासणी झाली, तेव्हा गाठ बोटाला लागेल इतकी जवळ, मलाशयातच होती.

म्हणून पुढील गोष्टींवर चूर्ण किंवा गोळी घेण्याआधी तपासणी करून घ्यावी : शौचातून रक्त, मग ते मूळव्याधीचेच वाटत असले तरी; तीन-चार आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतील बदल; जाऊन आल्यावरही पोट मोकळे न झाल्याची भावना; कारणाशिवाय घटणारे वजन; आणि पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग. या शेवटच्या बाबतीत लोहाची गोळी घेण्यास हरकत नाही, परंतु लोह कोठून गळते आहे, हे शोधल्याशिवाय ती घेत राहणे चूक आहे. आदल्या दिवशी बीट खाल्ले असेल, तर मात्र लाल रंगाने घाबरण्यापूर्वी ते आठवून पाहावे.

लक्षणे नसतानाही पंचेचाळिशीनंतर मळातील अदृश्य रक्ताची तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी येते, आतड्याची येत नाही. त्यामुळे बोलावणे येईल, याची वाट पाहू नये. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग झाला असेल, तर चाळिशीपासून, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला, त्याच्या दहा वर्षे आधीपासून, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा, दुर्बिणीने आतडे तपासून घेण्याचा सल्ला दिला जातो. या तपासणीत पॉलिप दिसला, तर तेथेच काढता येतो, आणि पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागत असल्याने ही संधी मोठी असते. निदान झालेच, तर परळच्या टाटा रुग्णालयाखेरीज खारघरचे त्याचेच ॲक्ट्रेक हे केंद्रही नवी मुंबईकरांना जवळ आहे.

दुर्बिणीची तारीख ठरली, की ओट्यावरच्या त्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडे घेऊन जाव्यात, कारण लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ते थांबवायचे की नाही, हे त्यांनीच सांगायचे असते. तपासणीपूर्वीचे दोन-तीन दिवस इसबगोल, नाचणी, उसळ, पालेभाज्या आणि बियांचा पेरू, म्हणजे आतापर्यंत वाढून घ्या म्हणून सांगितलेले जवळजवळ सगळे, बाजूला ठेवावे लागते, आणि एरवी कमी करायला सांगितलेला मऊ पांढरा भात तेवढ्या दिवसांपुरता वरणाच्या पाण्याबरोबर निवांत खाता येतो.